‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’: बुद्धी, माणुसकी आणि वाचकांचे नेहमीचे प्रश्न

ही कादंबरी नेमकी कशाविषयी आहे?

डॅनियल कीज या अमेरिकन लेखकाची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’ ही कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली. चार्ली गॉर्डन हा बत्तीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कमधल्या एका बेकरीत झाडलोट आणि पडेल ते काम करतो. त्याचा बुद्ध्यंक ६८ आहे. संध्याकाळी तो प्रौढांच्या वर्गात जाऊन लिहायला-वाचायला शिकतो आणि हुशार होण्याची त्याला विलक्षण ओढ आहे. मेंदूवरच्या एका प्रायोगिक शस्त्रक्रियेसाठी त्याची निवड होते. अल्जर्नन नावाच्या पांढऱ्या उंदरावर हीच शस्त्रक्रिया आधी यशस्वी झालेली असते. त्यानंतर चार्लीची बुद्धी काही महिन्यांत १८५ च्या बुद्ध्यंकापर्यंत झेप घेते आणि पुढे तितक्याच वेगाने ओसरते. हे सर्व आपण चार्लीच्या स्वतःच्या ‘प्रगती अहवालां’तून, म्हणजे त्याच्याच हातच्या नोंदींतून वाचतो. पहिल्या पानांवरचे अशुद्धलेखन हळूहळू नाहीसे होते, वाक्ये लांबतात, विचार गुंतागुंतीचे होतात आणि अखेरीस ते सारे पुन्हा विस्कटते.

पुढील उत्तरांत कथानक शेवटापर्यंत उघड केलेले आहे. ज्यांना कादंबरी आधी वाचायची असेल त्यांनी हे पान नंतर वाचावे.

‘अज्ञानात सुख असते’ हाच या कादंबरीचा धडा आहे ना?

नाही. हा समज इतका पसरलेला आहे की त्याचे उत्तर सविस्तर द्यावे लागते.

असे वाटण्याला कारण आहे. शस्त्रक्रियेपूर्वी चार्ली आनंदी दिसतो. बेकरीतले जो कार्प आणि फ्रँक रायली हे आपले जिवलग मित्र आहेत, अशी त्याची पक्की खात्री असते. ते त्याला दारूच्या गुत्त्यात नेतात, नाचायला लावतात, पाऊस पडतो आहे का ते कोपऱ्यावर जाऊन पाहून ये असे सांगतात आणि तो परत येईपर्यंत पसार होतात. चार्लीलाही हा सगळा गमतीचा भाग वाटतो. बुद्धी वाढल्यावर त्याला कळते की तिथे सगळे हसत होते ते आपल्याला हसत होते. या जाणिवेने तो लाजेने काळवंडतो आणि वाचकाला वाटते की यापेक्षा काही न कळलेलेच बरे होते.

परंतु स्वतः चार्लीचे मत तसे नाही, आणि माझ्या मते तेच निर्णायक मानले पाहिजे. अखेरच्या नोंदींमध्ये, अक्षरे पुन्हा चुकू लागलेली असताना, तो लिहितो की ज्या गोष्टी जगात आहेत हेही आपल्याला ठाऊक नव्हते त्या थोडा काळ का होईना पाहायला मिळाल्या याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. त्याने पुस्तके वाचली, संगीत ऐकले, आपली शिक्षिका ॲलिस हिच्यावर प्रेम केले, आईवडिलांना शोधून काढले. यातले काहीच त्याला परत द्यायचे नाही. शिवाय आधीचे सुख तरी कितपत खरे होते? लहानपणच्या माराच्या आणि घरातून काढून टाकले जाण्याच्या आठवणी त्याच्यात होत्याच; त्यांना फक्त शब्द मिळाले नव्हते. कादंबरीला ज्ञानाचे वावडे नाही. ज्याच्याजवळ ज्ञान कमी आहे त्याला कमी माणूस समजण्याला मात्र तिचा विरोध आहे.

मग कादंबरीचा मध्यवर्ती विचार कोणता?

तो एका वादातून पुढे येतो. प्रयोगाचे प्रमुख प्राध्यापक नीमर यांची मनोमन अशी समजूत आहे की शस्त्रक्रियेपूर्वी चार्ली जणू अस्तित्वातच नव्हता आणि आपण त्याला घडवले. शिकागोच्या मानसशास्त्र परिषदेत चार्ली आणि अल्जर्नन यांना शेजारी बसवून लोकांपुढे मांडले जाते, पडद्यावर चार्लीच्या जुन्या चाचण्यांची फीत दाखवली जाते आणि सभागृहात हशा पिकतो. तिथे बसलेली माणसे विद्वान आहेत, सभ्य आहेत, आणि बेकरीतले कामगार ज्याला हसत होते त्यालाच तेही हसत आहेत. चार्ली त्यानंतर जे वारंवार सांगतो त्याचा आशय एवढाच आहे की मी त्याआधीही माणूस होतो. कादंबरीतले बाकीचे सर्व, म्हणजे दयेचा प्रश्न, मैत्रीचा प्रश्न, विज्ञानाच्या अहंकाराचा प्रश्न, या एका विधानातून फुटणाऱ्या फांद्या आहेत.

बेकरीतले लोक त्याची थट्टा करतात म्हणून त्यांना दुष्ट मानावे का?

लेखकाने त्यांना इतके सोपे ठेवलेले नाही. गिम्पी हा लंगडत चालणारा कामगार घ्या. त्याने एकदा चार्लीला पाव वळायला शिकवण्याचा प्रयत्न केला होता आणि जमले तर आपल्याजवळचे पितळी शकुनाचे नाणे देऊ केले होते. इतरांच्या तुलनेत तो चार्लीशी बरा वागत असे. बुद्धी वाढल्यावर चार्लीच्या ध्यानात येते की हाच गिम्पी काही गिऱ्हाइकांना कमी दर लावून मधला पैसा खिशात घालतो आहे. मालकाला सांगावे की गप्प बसावे, या पेचात चार्ली शास्त्रज्ञांना विचारतो आणि शेवटी शिक्षिका ॲलिस किनियन हिच्याकडे जातो. ती म्हणते की याचा निर्णय तुझा तूच घ्यायला हवा. मग तो गिम्पीला एकट्याला गाठतो आणि हे थांबव, मी कुणाला काही बोलणार नाही, असे सांगतो. गिम्पी थांबतो, पण त्याच्या नजरेतला जुना जिव्हाळा संपतो. ज्या माणसाने कालपर्यंत आपल्या हाताखाली शिकायचे होते तो आपल्याला क्षमा करतो, हे त्याला सोसत नाही.

पुढे बेकरीतले कामगार मिळून अर्ज करतात आणि चार्लीला कामावरून काढायला लावतात. फॅनी ही एकटी वयस्क बाई त्या अर्जावर सही करत नाही, पण तीही त्याला सांगते की तुझ्यात झालेला हा बदल देवाच्या नियमाला धरून नाही. हसण्यासाठी कुणीतरी खालचा हवा असतो आणि तो वर गेला की तो नकोसा होतो, हे कादंबरीतले सर्वांत कटू निरीक्षण मला वाटते.

आता शेवटाकडे पाहा. बुद्धी गमावलेला चार्ली त्याच बेकरीत परत येतो. क्लॉस नावाचा नवा कामगार त्याला छळतो, हात पिरगाळतो, आणि भीतीने चार्लीचे कपडे ओले होतात. तेव्हा जो, फ्रँक आणि गिम्पीच त्याच्या बाजूने उभे राहतात, आणि पुन्हा कुणी त्रास दिला तर आम्हाला सांग, तुझे इथे मित्र आहेत, असे म्हणतात. हा पालट आनंदाचा आहे, तरी त्यात एक खोच आहे. चार्ली बरोबरीचा किंवा वरचढ असताना त्यांना तो सहन झाला नव्हता, आणि तो पुन्हा असहाय झाल्यावर त्यांची माणुसकी जागी झाली. म्हणूनच चार्ली तिथे टिकत नाही. लोकांनी आपली कीव करावी हे त्याला नको असते, आणि तो बौद्धिक दिव्यांगांसाठी असलेल्या वॉरन येथील संस्थेत जाण्याचा निर्णय स्वतः घेतो.

बुद्धिमान झालेला चार्ली स्वतः इतरांशी चांगला वागतो का?

बऱ्याचदा नाही, आणि कादंबरीचा मोठेपणा इथेच आहे. लेखकाला चार्लीला निर्दोष बळी ठेवता आले असते. तसे न करता त्याने चार्लीच्या हाती तेच शस्त्र दिले ज्याने तो घायाळ झाला होता. एक प्रसंग आपल्याकडच्या वाचकाला विशेष गंमतीचा वाटेल. प्रयोगाशी संबंधित एक लेख भारतातल्या नियतकालिकात आल्याचा उल्लेख चार्ली करतो आणि प्राध्यापक नीमर यांना हिंदी वाचता येत नाही हे कळल्यावर अवाक् होतो. शस्त्रक्रिया करणारे डॉ. स्ट्रॉस यांना अनेक युरोपीय भाषा अवगत असतात, तरी त्याला त्या कमीच वाटतात. स्वतः काही आठवड्यांत भाषा शिकणारा हा माणूस, आयुष्य घासून विद्या मिळवणाऱ्यांना ढोंगी ठरवतो. सहायक बर्ट त्याची कानउघाडणी करतो, पण तिचा तेव्हा उपयोग होत नाही.

पुढे एका मेजवानीत नीमर त्याला तोंडावर सांगतात की तू गर्विष्ठ, आत्मकेंद्री आणि माणूसघाणा झाला आहेस. त्या भांडणात चार्लीने दिलेले उत्तर कादंबरीत सर्वाधिक उद्धृत होते. प्रेम देण्याची आणि घेण्याची क्षमता नसेल तर नुसती बुद्धी माणसाला मानसिक आणि नैतिक ऱ्हासाकडे नेते, असा त्याचा भावार्थ आहे. हे वाक्य भिंतीवर लावण्यासारखे असल्यामुळे लोक संदर्भ विसरतात. ते बोलणारा चार्ली दारू प्यालेला आहे, पाहुण्यांदेखत आरडाओरडा करतो आहे आणि नीमरांना लागेल अशा बेताने बोलतो आहे. म्हणजे दयेविषयीचे खरे वाक्य तो निर्दयपणे उच्चारतो. थोड्याच वेळात आरशासमोर त्याला हे स्वतःलाच उमगते.

खानावळीतल्या मुलाच्या प्रसंगाचा इतका उल्लेख का होतो?

कारण कादंबरीचा सारा विषय त्या दोन-तीन पानांत मावतो. चार्ली एका खानावळीत जेवत असताना भांडी उचलणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातून बशा पडून फुटतात. मालक ओरडतो, गिऱ्हाइके शेरे मारतात, हसतात. तो मुलगा गोंधळून सगळ्यांकडे पाहतो आणि विनोद न कळताही त्यांच्यासोबत अनिश्चितपणे हसू लागतो. चार्लीही हसतो. मग त्याच्या ध्यानात येते की मुलाच्या चेहऱ्यावरचे ते हसू एके काळी आपल्या चेहऱ्यावर होते. तो उठून सर्वांवर ओरडतो की हाही माणूस आहे.

यात दाद द्यावी ती चार्लीच्या संतापाला नव्हे, त्याआधीच्या त्या हसण्याच्या नोंदीला. ज्याने हे सारे भोगले आहे तोही गर्दीत बसला की गर्दीसारखा हसतो. जो लेखक हा क्षण वगळत नाही त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

चार्लीच्या आईला क्रूर म्हणावे की भित्री?

रोझ ही आई सुरुवातीला आपला मुलगा इतरांसारखाच आहे असा हट्ट धरते, त्याला डॉक्टरांकडे नेते, भोंदू उपचारांवर पैसा घालवते. धाकटी नॉर्मा धडधाकट जन्मल्यावर मात्र तिची आशा सरते आणि चार्ली तिला मुलीच्या भविष्यातला धोका वाटू लागतो. त्याला घराबाहेर काढावे म्हणून ती हातात सुरी घेण्यापर्यंत जाते. वडील मॅट प्रेमळ पण दुबळे आहेत. शेजारी काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे होईल, या काळजीने घरातल्या एका मुलाला दडवून ठेवणारी कुटुंबे आपल्याकडे अपरिचित नाहीत, त्यामुळे हे प्रसंग मराठी वाचकाला परके वाटत नाहीत.

चार्ली मोठेपणी दोघांनाही भेटतो. वडिलांच्या केशकर्तनालयात तो गिऱ्हाईक म्हणून बसतो, केस कापून घेतो आणि त्यांनी ओळखले नाही म्हणून काही न सांगता निघून जातो. आईची स्मृती ढासळलेली असते. क्षणभर तिला ओळख पटते आणि दुसऱ्या क्षणी ती पुन्हा घाबरून सुरी उचलते. नॉर्मा, जिने लहानपणी त्याचा दुस्वास केला, ती एकटीने आईला सांभाळून थकलेली असते आणि भाऊ भेटल्याने तिला रडू कोसळते. इथे कुणालाही क्षमा मागायला लावलेले नाही, आणि ते बरे झाले.

चार्लीची संमती घेतली होती का? आज असा प्रयोग करता येईल का?

कादंबरीत शास्त्रज्ञ नॉर्माचा शोध घेऊन तिची परवानगी मिळवतात. चार्लीलाही धोका सांगितला जातो आणि तो उत्साहाने होकार देतो. पण हुशार व्हायचे या एका इच्छेपुढे त्याला धोक्याचा अर्थ कितपत उमगला असेल, ही शंका लेखकाने जाणूनबुजून उघडी ठेवली आहे.

त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील विलोब्रूक या सरकारी संस्थेत बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना संशोधनासाठी काविळीच्या विषाणूची मुद्दाम लागण केली जात होती, आणि हे १९५० च्या दशकात सुरू होऊन अनेक वर्षे चालले. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवरून तिथली दुरवस्था देशाने पाहिली. १९८७ मध्ये ती संस्था बंद झाली. मानवी संशोधनाची नैतिक तत्त्वे मांडणारा बेलमाँट अहवाल अमेरिकेत १९७९ मध्ये आला. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ६ नुसार दिव्यांग व्यक्तीला समजेल अशा माध्यमातून माहिती देऊन तिची स्वतःची मुक्त संमती घेतल्याशिवाय, आणि विहित समितीची पूर्वपरवानगी असल्याशिवाय, तिच्यावर संशोधन करता येत नाही. या समितीत निम्म्याहून कमी नव्हेत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थांचे सदस्य असावे लागतात. नुसत्या बहिणीच्या सहीवर आज हे भागले नसते.

यातील विज्ञान खरे आहे का?

अशी शस्त्रक्रिया अस्तित्वात नाही. चार्लीच्या अवस्थेचा संबंध कादंबरी फिनाइलकीटोनुरिया या चयापचयाच्या आनुवंशिक विकाराच्या एका प्रकाराशी जोडते. हा विकार खरा आहे, आणि त्याबाबत वास्तवाने कादंबरीपेक्षा वेगळी वाट धरली. ज्या वर्षांत कीज ही कादंबरी लिहीत होते त्याच वर्षांत, त्याच न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून हा विकार ओळखण्याची सोपी चाचणी विकसित केली. वेळीच निदान झाले आणि आहारातील फिनाइलॲलनीन हा प्रथिनांतला घटक पहिल्या काही आठवड्यांपासून मर्यादित ठेवला, तर मेंदूची हानी टाळता येते. या यशाला लकाकी नाही, परिषदेत टाळ्या मिळवण्याजोगेही त्यात फारसे काही नाही, पण त्याने असंख्य मुलांचे आयुष्य बदलले.

बुद्ध्यंकाबद्दल कादंबरी काय सांगते?

चार्ली तीन जणांना विचारतो आणि तीन उत्तरे मिळतात. नीमर म्हणतात, वजनकाट्याने वजन कळते तशी बुद्ध्यंकाने बुद्धी कळते. स्ट्रॉस म्हणतात, तो मापाच्या पेल्यावरच्या आकड्यांसारखा आहे. पेला भरावा लागतोच. बर्टच्या मते दोघेही चूक आहेत. हा विनोद आजही शिळा झालेला नाही. बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये पहिली चाचणी केली ती शाळेत ज्यांना जास्त मदत लागेल अशी मुले शोधण्यासाठी. मदत पोचवण्यासाठी काढलेला आकडा पुढे माणसाच्या नावासमोर चिकटला, आणि चार्लीच्या बाबतीत तर त्याच्या नावाआधी.

लेखकाला ही कल्पना कशी सुचली?

कीज काही काळ शाळेत इंग्रजी शिकवत होते. संथ गतीने शिकणाऱ्यांच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले की मी खूप अभ्यास करून हुशार झालो तर मला नेहमीच्या वर्गात घेतील का. हुशार होण्याची ही इच्छा चार्लीची मुख्य प्रेरणा बनली. मूळ लघुकथा एप्रिल १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६० मध्ये तिला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. कादंबरीला त्याच क्षेत्रातला नेब्युला पुरस्कार विभागून मिळाला. लघुकथा छापून येण्याआधी एका मासिकाच्या संपादकाने तिचा शेवट बदलण्याची सूचना केली होती: चार्लीची बुद्धी टिकावी, ॲलिसशी लग्न व्हावे, सगळे सुखात नांदावेत. कीज यांनी नकार दिला. तसा शेवट झाला असता तर चार्लीची किंमत त्याच्या बुद्धीवरच ठरली असती, आणि नीमर बरोबर ठरले असते.

शाळकरी मुलांना ही कादंबरी द्यावी का?

नववी-दहावीच्या पुढच्या मुलांना द्यायला हरकत नाही. त्याहून लहान मुलांना लघुकथा पुरेशी आहे. कादंबरीत लैंगिक प्रसंग आहेत आणि त्यांच्यामुळे अमेरिकेत तिच्यावर अनेकदा आक्षेप घेतले गेले. मुलांशी बोलावे लागेल ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. दिव्यांग व्यक्तींसाठी तेव्हाच्या वैद्यकशास्त्रात रूढ असलेले, आज अपमानास्पद वाटणारे शब्द पानोपानी येतात. ते त्या काळाचे आहेत एवढे आधी सांगून ठेवावे. वर्गात चर्चा घेणाऱ्या शिक्षकांनी ‘यातून काय शिकलात’ असे विचारण्यापेक्षा ‘खानावळीत तुम्ही असता तर केव्हा हसणे थांबवले असते’ असे विचारून पाहावे. उत्तरे अधिक प्रामाणिक येतात.

इंग्रजी बेताचे असेल तर ती वाचता येईल का?

येईल, पण सुरुवातीची पाने अवघड वाटतील, कारण त्यांतील बहुतेक शब्द कानाला ऐकू येतात तसे, चुकीच्या वर्णांनी लिहिलेले आहेत. शब्दकोशात ते सापडणार नाहीत. ती पाने मोठ्याने वाचावीत; कानावर पडले की शब्द लगेच ओळखू येतात. वीस-पंचवीस पानांनंतर भाषा सरळ होते. मधल्या भागात चार्लीची वाक्ये फार विद्वज्जड होतात, तिथे रेंगाळण्याची गरज नाही. वेळ कमी असेल तर आधी लघुकथा वाचावी. आईवडिलांचा आणि वॉरनचा भाग कादंबरीत सविस्तर आहे, म्हणून नंतर तीही वाचावी. क्लिफ रॉबर्टसन यांना ऑस्कर मिळवून देणारा १९६८ चा चित्रपट त्यानंतर पाहिला तरी चालेल. अभिनय उत्तम आहे, पण चार्लीचे हस्ताक्षर पडद्यावर वाचता येत नाही, आणि या गोष्टीत सर्वांत जास्त बोलते ते हस्ताक्षरच.